अठ्ठावीस सेंटिमीटर

मेन रोडवरून पृथ्वी आणली, साडेनऊशेची,
शाळेच्या वह्या मिळतात त्या दुकानातून.
टेप हिचा, शिवणाचा, पिवळा.
पहिले दोन सेंटिमीटर झिजून पुसलेत,
म्हणून तीनपासून धरला.
नाशिक छापलेलं नाही.
मुंबईच्या ठिपक्यापासून नखाएवढं वर, जरा उजवीकडे,
पेन्सिलनं मी टिंब दिलं.
तिथून एडमंटन.

आधी टेप पश्चिमेला नेला, अरबस्तान, युरोप, समुद्र. लांब पडला.
मग पूर्वेकडून. तोही लांब.
मग सरळ वर,
काश्मीर, सैबेरिया, बर्फ,
आणि जिथं ग्लोबचा स्क्रू बसतो तिथून पलीकडं उतरवला.
अठ्ठावीस. वर दोन मिलिमीटर.
हिशेब मांडला: अकरा हजार आठशे किलोमीटर,
थेट उडालं तर तेरा-चौदा तास.
थेट काही उडत नाही.
स्क्रू ढिला होता, तेवढा आवळून ठेवला.

एकतीस वर्षं ओझरच्या कारखान्यात
पंखांना रिव्हेट मारले.
एक वाकडा बसला तर ड्रिलनं काढायचा, परत मारायचा.
डावा कान तिथंच ठेवून आलो.
विमानात मात्र कधी बसलो नाही.
आमची विमानं एकट्या माणसाची,
आणि तो माणूस मी नव्हतो.

बसली ही.
वणीच्या गडापलीकडं एकटी न गेलेली बाई
वृषालीच्या बाळंतपणाला निघाली,
डिंकाचे लाडू स्वेटरच्या बाहीत गुंडाळून.
घाटात कंटेनर आडवा.
नाशिक ते मुंबई साडेपाच तास.
मुंबई ते फ्रँकफर्ट नऊ.
मी वहीत दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले
आणि घाटाचा फार राग आला.
फ्रँकफर्टला पाच तास खुर्चीत,
चपला काढून, मांडी घालून,
मग कॅलगरी साडेनऊ,
मग जावयाच्या गाडीत तीन, बाहेर सगळं पांढरं.

पोचल्यावर विचारलं, किती वेळ लागला गं?
म्हणाली, चार वेळा जेवले, एकदा झोपले,
एकदा ढगावर ऊन पडलं होतं तेव्हा
शेजारच्या पोरीला उठवून दाखवलं.
तास नाही मोजले.

इथं निफाडचा पारा पाचावर आला,
पेपरात शेकोटीचा फोटो.
तिथं उणे एकतीस.
फोटो कुणी काढत नाही म्हणे, हात बाहेर काढावा लागतो.

घड्याळाचं एक बरं आहे.
तिचं माझ्यामागं साडेबारा तास,
म्हणजे काटे तिथंच, फक्त अर्धा तास मागं.
माझे रात्रीचे आठ, तिचे सकाळचे साडेसात.
उन्हाळ्यात ते लोक घड्याळ सरकवतात,
तेव्हा ती अर्धा तास पुढं जाईल.
मध्ये कुठंतरी, मार्चातल्या एका रात्री,
तिचा काटा माझ्या काट्याला ओलांडणार.
ते मला कुठं बसून बघता येईल,
हे कारखान्यातल्या शेलार इंजिनिअरलाही सांगता आलं नाही.

काल फोन उजव्या कानाला धरून विचारलं,
तुरीच्या डाळीला शिट्ट्या किती?
बोललेलं तिकडं पोचायला जरा वेळ लागतो.
त्या वेळात मी ओट्यावर
सांडलेल्या डाळीचे नऊ दाणे वेचले.
मग तिकडून बाळ रडलं,
आणि त्याच्या वरून ती,
आधी झाकण तर लावा,
मला इथपर्यंत वाफ ऐकू येतेय.